गुग्गुळाची परीक्षा

संध्याकाळी देवापुढे किंवा बाळंतिणीच्या खोलीत धूप घातलेला तुम्ही पाहिला असेल. निखाऱ्यावर तपकिरी खडे टाकले की क्षणात घमघमाट सुटतो. त्या खड्यांत पुष्कळदा गुग्गुळ असतो. आजीच्या औषधाच्या डब्यातही तो सापडेल. ‘योगराज गुग्गुळ’, ‘त्रिफळा गुग्गुळ’ ही नावे तुमच्या कानांवरून गेलीच असतील. एकच पदार्थ धुपाटण्यातही आणि औषधाच्या डबीतही! हा येतो कुठून? आणि अंगातला मेद तो खरोखरच उतरवतो का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधण्यात मात्र शास्त्रज्ञांची जवळजवळ चाळीस वर्षे गेली.

वाळवंटातले झुडूप

राजस्थान, कच्छ आणि सौराष्ट्राच्या कोरड्या, खडकाळ जमिनीत एक काटेरी झुडूप वाढते. त्याची साल कागदासारखी पापुद्र्या-पापुद्र्यांनी सुटते. वनस्पतिशास्त्रात त्याला ‘कॉमिफोरा वायटी’ म्हणतात. खोडाला चीर दिली की पिवळसर चीक पाझरतो आणि हवेत सुकून घट्ट होतो. हाच गुग्गुळ.

त्याचा एक लहानसा खडा गरम पाण्यात टाकून ढवळून पाहा. (पाहायचा फक्त, प्यायचा नाही!) पाणी दुधासारखे गढूळ होईल. असे का? गुग्गुळ हे डिंक, राळ आणि सुगंधी तेल यांचे मिश्रण आहे. डिंक पाण्यात मिसळतो, राळ विरघळत नाही. ती बारीक कणांच्या रूपाने पाण्यात तरंगत राहते. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

मेद वाढला तर बिघडते काय?

कोलेस्टेरॉल हे नाव ऐकले की लोक दचकतात. पण हा पदार्थ आपले यकृत स्वतःच तयार करते, आणि त्यावाचून आपले चालत नाही. पेशींच्या पटलात तो लागतो. अन्नातली चरबी पचवणारी पित्ताम्ले त्यापासूनच बनतात. स्त्री-पुरुषांची लैंगिक संप्रेरके घडवण्याचा कच्चा मालही हाच. तो प्रमाणाबाहेर वाढला, विशेषतः एल.डी.एल. नावाच्या वाहक कणांतून रक्तात फिरू लागला, की रोहिण्यांच्या भिंतींत साचतो. वाट अरुंद होते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो.

चरबीच्या पेशी म्हणजे नुसती धान्याची कोठारे नव्हेत. त्या स्वतःही संप्रेरके सोडतात. मेद फार वाढला की इन्सुलिनचा परिणाम कमी होतो, म्हणून शरीर ते अधिक तयार करते. त्यामुळे स्त्रियांच्या अंडाशयातून दरमहा बीज बाहेर पडण्याचा क्रम चुकू शकतो, पुरुषांमध्ये शुक्रबीजांवर परिणाम होऊ शकतो, आणि मूल होण्यात अडचण येते. म्हणूनच ‘मेद उतरवणारी वनस्पती’ म्हटले की लोकांचे कान टवकारतात.

सुश्रुत आणि ससे

सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचे वर्णन आहे. अति खाणे, व्यायाम न करणे, दिवसा झोपणे ही त्याची कारणे. वाढलेल्या मेदामुळे शरीरातले मार्ग अडतात, असे ग्रंथ सांगतो. उपचारांच्या यादीत गुग्गुळ आहे. डॉ. जी. व्ही. सत्यवती यांना हे वर्णन आजच्या रोहिणीविकाराशी फार जुळते असे वाटले. पण वाटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे! त्यांनी काशी हिंदू विद्यापीठात प्रयोग केले. सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या रक्तातले त्याचे प्रमाण वाढवले आणि काहींना गुग्गुळ दिला. गुग्गुळ दिलेल्या सशांत कोलेस्टेरॉल कमी आढळले. 1966 साली हा प्रबंध पूर्ण झाला. डॉ. सत्यवती पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या.

आता रसायनशास्त्रज्ञांची पाळी आली. गुग्गुळात पदार्थ अनेक. त्यांतला कामाचा कोणता? येथे आपला गढूळ पाण्याचा प्रयोग आठवा. सगळे घटक एकाच द्रावकात विरघळत नाहीत. इथिल ॲसिटेट या द्रावकात गुग्गुळ भिजवला की राळेचा भाग विरघळतो, डिंकाचा भाग मागे उरतो. द्रावक उडवून लावले की हाती येतो तो अर्क. या अर्कातच गुण असल्याचे दिसले. त्यातली ‘गुग्गुलस्टेरोन’ ही संयुगे ओळखण्याच्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा आहे. त्यांचा शोधनिबंध 1972 साली प्रसिद्ध झाला. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने या अर्कापासून ‘गुगुलिपिड’ हे औषध तयार केले.

1989 साली त्याच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मुंबई, नागपूर, लखनौ, दिल्ली, जयपूर, बंगळूर आणि वाराणसी येथे ही चाचणी झाली होती. तिच्या एका भागात 205 रुग्णांनी 12 आठवडे औषध घेतले. दहांपैकी सात-आठ रुग्णांत कोलेस्टेरॉल उतरले. दुसऱ्या भागात त्याची तुलना क्लोफायब्रेट या तेव्हाच्या प्रचलित औषधाशी केली. सरासरी घट गुगुलिपिडने 11 टक्के, तर क्लोफायब्रेटने 10 टक्के. आपल्या रानातल्या डिंकाने परीक्षा जिंकली, असे सर्वांना वाटले.

तीन गट

पण थांबा. 205 रुग्णांच्या त्या चाचणीत आपण काय घेतो आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होते. औषध सुरू झाले की माणूस जेवणातही सावध होतो, नाही का? मग कोलेस्टेरॉल उतरले ते औषधाने की कमी झालेल्या तळणाने? हे ठरवण्यासाठी तिसराच एक गट हवा: दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी घेणारा.

2003 साली अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील अशा चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल वाढलेल्या 103 प्रौढांचे तीन गट पाडले. एकाला नेहमीच्या मात्रेत अर्क, दुसऱ्याला दुप्पट मात्रेत, तिसऱ्याला नुसती दिखाऊ गोळी. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णांनाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही! आठ आठवड्यांनी रक्त तपासले. दिखाऊ गोळी घेणाऱ्यांचे एल.डी.एल. 5 टक्क्यांनी उतरले होते. अर्क घेणाऱ्यांचे मात्र 4 ते 5 टक्क्यांनी चढले होते! शिवाय अर्क घेणाऱ्या सहा जणांच्या अंगावर पुरळ उठले.

मग आधीचे शास्त्रज्ञ खोटे होते का? मुळीच नाही. तेथील लोकांचा आहार वेगळा होता, हाही फरक असू शकतो. 2002 साली तर गुग्गुलस्टेरोन यकृतातल्या पित्ताम्लांवर नजर ठेवणाऱ्या एका प्रथिनाला अडवते, असे अमेरिकेतच दिसून आले होते. म्हणजे शरीरात ते काहीतरी करते, हे खरे. पण परीक्षानळीत काही घडणे आणि माणसाचे आजारपण टळणे यांत मोठे अंतर असते. ते अंतर गुग्गुळाने पार केले आहे, असे आज म्हणता येत नाही.

काही वनस्पतींनी ते पार केले आहे. युरोपातील गॅलेगा या फुलझाडात रक्तातली साखर उतरवणारे द्रव्य सापडले, पण ते विषारी निघाले. त्याच्याच नात्यातले मेटफॉर्मिन 1922 साली प्रयोगशाळेत बनले. 1957 साली फ्रेंच वैद्य जाँ स्टेर्न यांनी मधुमेहावरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. आज ते जगभर वापरले जाते. अंडाशयाचा क्रम बिघडलेल्या काही स्त्रियांनाही डॉक्टर ते देतात. म्हणजे वनस्पती औषध देऊ शकते, पण परीक्षा कोणालाच चुकत नाही.

आणि ते झुडूप?

डिंक जास्त मिळावा म्हणून लोक खोल चिरा पाडतात, रसायने लावतात. झुडूप सावकाश वाढणारे, असे घाव सोसत नाही, मरून जाते. आज गुग्गुळ अत्यंत धोक्यात असलेल्या जातींच्या जागतिक यादीत आहे. ज्याचा गुण पुरता सिद्ध नाही, त्या औषधापायी झाड नष्ट करणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार तुम्हीच करा.

मग आजीची डबी फेकून द्यायची का? तसे नव्हे. पण ती कोलेस्टेरॉलची गोळी घेत असेल, तर गुग्गुळाच्या भरवशावर ती बंद करू देऊ नका. आणि गुग्गुळ घेत असल्याचे डॉक्टरांना जरूर सांगायला सांगा, कारण गुग्गुळाने इतर औषधांचा परिणाम बदलू शकतो. पुढच्या वेळी ‘महिन्यात चरबी गायब’ अशी जाहिरात दिसली, की तीन प्रश्न विचारा. औषध किती जणांना दिले? दिखाऊ गोळीचा गट होता का? कोणाला काय मिळते आहे, हे लपवले होते का? उत्तर मिळाले नाही, तर खिशातले पैसे खिशातच राहू द्या.