अर्ध्या इंचाचा पाना

खंडेनवमीला गॅरेजांमध्ये पाने, पकडी, हातोड्या धुऊन-पुसून पाटावर मांडतात, त्यांना हळदकुंकू लावतात, झेंडूची फुले वाहतात. दसरा सरला की त्यांतलाच एखादा पाना न बसणाऱ्या नटावर कसाबसा चढवून वर हातोडी मारली जाते. हत्याराचा मान पूजेपुरताच, असा आपला एकंदर रिवाज! वाटेत बंद पडलेली गाडी तारेने आणि चिंधीने घरी आणणाऱ्या माणसाला माझा नमस्कारच आहे. पण गाडी घरी आली, बॉनेट उघडून निवांत कामाला बसले, की तारेचे राज्य संपायला हवे. विशेषतः इंजिन जुने असेल तर.

आमच्याकडे १९७० सालची अॅम्बॅसिडर आहे. वडिलांनी घेतलेली आणि अजून चालती. तिचे १४८९ सीसीचे इंजिन मूळ इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डच्या घराण्यातले, म्हणून त्याचे नटबोल्ट इंचाचे. त्याच काळात कुर्ल्याला बनणारी फियाट, म्हणजे पुढची प्रीमियर पद्मिनी, मूळची इटालियन. तिचा कारभार मिलिमीटरचा. एकाच गल्लीत उभ्या राहणाऱ्या या दोघींना एकच पाना कसा चालावा?

आता अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ चा पाना सहज चढतो आणि घात तिथेच होतो. ०.३ मिलिमीटरची ती फट दिसत नाही. पण नट गंजलेला असेल तर सगळा जोर त्याच्या कोपऱ्यांवर येतो आणि नट गोल होतो. नऊ-सोळांश इंचाच्या नटावर तर १४ चा पाना बसतच नाही आणि १५ चा खुळखुळतो. याहून जुन्या इंग्रजी गाड्यांना व्हिटवर्थचे पाने लागतात. गंमत अशी की, त्यांच्यावरचा आकडा बोल्टाच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे!

एका गॅरेजमध्ये आमच्या गाडीचा एक नट असाच गोल झाला. मग छिन्नी आली, स्टड तुटला, तो ड्रिलने काढताना ब्लॉकमधले आटे गेले. पाच मिनिटांच्या कामाला आठ दिवस लागले. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हेच.

प्रश्न नुसत्या पान्यांचाही नाही. इंजिनाचे हेड बसवताना नट मधून बाहेरच्या दिशेने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने सारख्या जोराने आवळावे लागतात. अंदाजाने आवळले तर हेड वाकते, गॅस्केट फुटते आणि ऑइलमध्ये पाणी शिरून त्याचा दुधाळ चहा होतो. पिस्टनच्या रिंगा बिडाच्या, ठिसूळ. कॉम्प्रेसरचा पट्टा न वापरता स्क्रू ड्रायव्हरने दाबून आत ढकलल्या तर मोडतात. पुली काढायला पुलर असतो. हातोडीने ती निघते खरी, पण तिचा काठ घेऊन निघते. डिस्ट्रिब्यूटरच्या पॉइंटांमधली फट असते सुमारे ०.४ मिलिमीटर. ती फिलर गेजनेच मोजावी, नखाने नव्हे.

अॅम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. त्याच्या कितीतरी आधी पद्मिनीचे थांबले होते. म्हणजे आज बिघडवलेला भाग उद्या नवा मिळेलच असे नाही. इंजिन झिजायला पन्नास वर्षे लागतात, बिघडवायला एक चुकीचा पाना पुरतो.

आमच्या गाडीला खरे ओळखणारे एकच मिस्त्री होते. सगळे त्यांना मामा म्हणत. नट हाताला लागला की न बघता ते माप सांगत आणि तरीही पाना लावून खात्री करीत. “हाताला कळतं, पण नटाला पानाच कळतो,” हे त्यांचे ठरलेले वाक्य. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने सांगितले, “दादा, पेटी भंगारात देतोय. किलोवर जाईल.” इंचाच्या पान्यांचा अख्खा संच, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दाबायचा शिकंजा, मामांनी स्वतः घडवलेले दोन पुलर, सगळे लोखंडाच्या भावाने! किलोच्या हिशेबात त्यांची किंमत बसत नव्हती. मी ती वेगळी मोजली आणि पेटी घरी आणली.

आता आसपासच्या जुन्या गाडीवाल्यांची मुले ते पाने मागायला येतात. मी कोणालाही नाही म्हणत नाही. अट एकच, पुसून परत आणायचे.