दिवा नऊ वॅटचा, खर्च भिंतीचा

घराची दुरुस्ती निघाली की वायरमनच्या हिशेबावरून हमखास वाद होतो. भोरमधला जुना वाडा असो की वेल्हे तालुक्यातले (आता राजगड तालुका) डोंगरकुशीतले घर असो, मालकाचा प्रश्न एकच: बल्ब शंभराचा, मग पॉइंटला एवढे पैसे कशाचे? प्रश्न रास्त आहे, पण तो दिव्याकडे पाहून विचारला जातो. खर्च होतो तो दिव्यापर्यंत वीज नेणाऱ्या वाटेवर आणि ती वाट सुरक्षित करण्यावर. एवढे ध्यानात घेतले तर कोणता पैसा द्यावा आणि कोणता वाचवावा, दोन्ही कळते.

गैरसमज: पॉइंटचा दर म्हणजे दिवा बसवायची मजुरी.

वस्तुस्थिती: पॉइंट म्हणजे स्विचपासून दिव्यापर्यंतचे सगळे काम. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पद्धतीत पाइप, वायर, अर्थची वायर, स्विच आणि त्याची पेटी हे सारे पॉइंटमध्येच धरतात, तर मुख्य बोर्डापासून स्विचबोर्डापर्यंत येणारी सर्किटची वायर वेगळी, लांबीनुसार मीटरमध्ये मोजतात. खासगी कामात मात्र कोणी नुसत्या मजुरीचा दर सांगतो, कोणी मालासकट. दोन्ही दरांना ‘पॉइंट’च म्हणतात आणि भांडणाचे मूळ तिथेच असते. माडीच्या जिन्याचा दिवा खालून आणि वरून, दोन्हीकडून लावायचा तर दिवा एकच, पण स्विच दोन आणि वायरही जास्त. असा पॉइंट एक धरायचा की दोन, हे आधी ठरले नसेल तर बिलाच्या दिवशी मालक आणि वायरमन दोघेही स्वतःला फसवले गेलेले समजतात.

गैरसमज: एलईडीला वीज कमी लागते, म्हणून वायरिंगही स्वस्तात व्हायला हवे.

वस्तुस्थिती: समजा, घरात नऊ वॅटचे 24 दिवे आहेत. सगळे मिळून भार 216 वॅट, म्हणजे जुन्या साठ वॅटच्या चार बल्बांपेक्षाही कमी. तरी घरगुती वायरिंगच्या भारतीय मानकानुसार दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नसावेत आणि भार 800 वॅटच्या आत असावा. म्हणजे 24 पॉइंटना किमान तीन सर्किटे आली आणि प्रत्येकाला मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर व स्वतंत्र एमसीबी (बिघाड होताच आपोआप पडणारा स्विच). याचा फायदा मालकालाच होतो. भर पावसाळ्यात एका खोलीत बिघाड झाला तर सगळे घर अंधारात जात नाही. एलईडीमुळे दर महिन्याचे वीजबिल उतरते, पण भिंतीत झिरी मारायचे कष्ट त्याने कमी होत नाहीत.

गैरसमज: पुण्यातल्या फ्लॅटचा दर इथेही लागू व्हावा.

वस्तुस्थिती: विटांच्या सरळ भिंतीत झिरी मारणे वेगळे आणि दगड-मातीच्या रुंद भिंतीत मारणे वेगळे. दगड हलला की माती सुटते, मग गवंड्याचे काम वाढते. केळद किंवा हिरडोशीसारख्या घाटमाथ्याजवळच्या गावांत पावसाळ्यात भिंती ओल धरतात. खाली कातळ लागला तर अर्थिंगचा खड्डा घेणेच कष्टाचे होते. एखादा सुटा भाग कमी पडला तरी बाजारपेठेपर्यंत फेरी पडते. त्यामुळे घर न पाहता सांगितलेला दर, मग तो कमी असो वा जास्त, केवळ अंदाज असतो. पण याच परिस्थितीत बचतीची वाटही आहे. अशा भिंतींना पट्टी फिटिंग अधिक योग्य ठरते: भिंत फोडावी लागत नाही, गवंडी लागत नाही आणि पुढे बिघाड शोधणे सोपे जाते. वायर लपलेली असली की काम उंची झाले, या समजुतीपायी विनाकारण पैसा जातो.

गैरसमज: एमसीबी बसवला की शॉकची भीती गेली; अर्थिंग आणि आरसीसीबी हा वाढीव खर्च.

वस्तुस्थिती: एमसीबी पडतो तो जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर. माणसाच्या अंगातून जाणारा जीवघेणा प्रवाहही इतका थोडा असतो की एमसीबीला तो जाणवत नाही. त्यासाठी विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. मीटरच्या पुढची घरातली वायरिंग सांभाळणे ग्राहकाचेच काम असते, महावितरणचे नव्हे. म्हणून ही जबाबदारी दुरुस्तीच्या वेळीच उचलायला हवी.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की गावातला अनुभवी मुलगा हेच काम निम्म्या पैशांत करतो, मग परवानाधारक कशाला? नियमाने बल्ब, पंखा, स्विच बदलायला परवाना लागत नाही; नवी वायरिंग किंवा तिच्यात फेरफार मात्र परवानाधारक ठेकेदारामार्फतच व्हायला हवा. अनुभवाचे मोल आहेच. म्हणून त्या मुलाला काम जरूर द्यावे, पण परवानाधारकाच्या देखरेखीखाली, आणि शेवटी वायरिंगची चाचणी करून घ्यावी. दुसरा आक्षेप असा की या सगळ्या बारकाव्यांआडून बिल फुगवले जाते. तसे होऊ शकते, आणि त्यावर उपाय घासाघीस नसून मोजणी हा आहे. पहिली झिरी पडण्याआधी पॉइंटची संख्या, सर्किटे, मालाचा दर्जा, भिंत बुजवायची कोणी आणि येण्याजाण्याचा खर्च कोणाचा, हे कागदावर घ्यावे. हात आखडायचाच असेल तर शोभेच्या दिव्यांवर आणि लपवलेल्या फिटिंगवर आखडावा. अर्थची वायर आणि आरसीसीबी मात्र कोणत्याही अंदाजपत्रकातून गाळू नये, कारण ओल्या भिंतीला घरातले लहान मूलही हात लावते.