शाळाबंदीचा काळ आणि पाड्यावरील शिक्षक : गंजाड परिसराच्या संदर्भात एक आकलन

प्रस्तावना

पालघर जिल्ह्याच्या डहाणू तालुक्यातील गंजाड हे गाव वारली चित्रकलेमुळे सर्वदूर परिचित झाले. पद्मश्री (२०११) जिव्या सोमा म्हसे यांचे हे गाव. मात्र चित्रांतून ओळखीचे झालेले हे गाव एकसलग वस्तीचे नाही. भातखाचरे, ओहोळ आणि माळ यांनी एकमेकांपासून अलग झालेले अनेक पाडे मिळून ते बनते. डहाणू व तलासरी तालुक्यांतील बहुतेक आदिवासी गावांची रचना अशीच आहे. कोविड-१९ च्या साथीत शाळा बंद झाल्या तेव्हा या रचनेचा शिक्षणाशी असलेला संबंध प्रकर्षाने पुढे आला.

शाळाबंदीच्या काळात प्राथमिक शिक्षकाचा दिनक्रम कसा बदलला व त्या बदलातून शाळा या संस्थेविषयी कोणते आकलन हाती येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. हा विषय केवळ प्राथमिक शिक्षणाच्या अभ्यासकांचा नाही. २०२०-२१ मध्ये आठवी-नववीत असलेले विद्यार्थी आता पदवीच्या वर्गांपर्यंत पोहोचले आहेत. त्यामुळे महाविद्यालयीन अध्यापकांनीही त्याची दखल घेणे अगत्याचे ठरते.

शाळाबंदीचा कालपट

मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील शाळा टप्प्याटप्प्याने बंद झाल्या आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी लागू झाली. जूनमध्ये नवे शैक्षणिक वर्ष दूरस्थ पद्धतीने सुरू करण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून व पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून स्थानिक परिस्थितीनुसार सुरू झाले. परंतु दुसऱ्या लाटेमुळे ते पुन्हा थांबले. एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना वरच्या वर्गात पाठविण्याचा निर्णय झाला. ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून, तर पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून सुरू करण्यात आले.

या तारखांचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट होईल. जून २०२० मध्ये पहिलीत नाव दाखल झालेले मूल नियमित वर्गात प्रथम बसले ते दुसरीचे निम्मे वर्ष सरत आल्यावर. अक्षरओळखीचे पहिले वर्ष त्याने वर्गखोलीत अनुभवलेच नाही.

पर्यायी साधने व त्यांच्या मर्यादा

'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ही त्या काळातील घोषणा होती. तिला अनुसरून राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने व्हॉट्सॲपद्वारे दैनंदिन अभ्यासमाला पाठविली. 'दीक्षा' ॲपवर पाठ उपलब्ध होते. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' ही मालिका प्रसारित झाली. पालघर जिल्ह्यातच दांडवळ परिसरात एका स्वयंसेवी संस्थेने ध्वनिवर्धकावरून पाठ ऐकविणारी 'बोलकी शाळा' चालविली.

'असर' सर्वेक्षणानुसार ग्रामीण भारतात घरी स्मार्टफोन असलेल्या शाळकरी मुलांचे प्रमाण २०१८ मधील ३६.५ टक्क्यांवरून २०२० मध्ये ६१.८ टक्क्यांवर गेले. ही वाढ लक्षणीय होती. तथापि घरात फोन असणे आणि मुलाच्या हाती फोन असणे यांत अंतर आहे. मजुरीसाठी सकाळी बाहेर पडणारा पालक फोन सोबत नेतो. सायंकाळी तो परततो तेव्हा भावंडांपैकी कोणी पाठ पाहावा हा प्रश्न उरतो. रिचार्ज संपला की अभ्यासही संपतो. डोंगरउतारावरील पाड्यांवर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. शिवाय पहिली-दुसरीच्या मुलाला पडद्यावरील पाठ समजण्यासाठी शेजारी कोणी साक्षर व्यक्ती असावी लागते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याच्या घरी ती असेलच असे नाही.

शिक्षकाचा बदललेला दिवस

शाळेची घंटा थांबली तरी शिक्षकाचे काम थांबले नाही. त्याचे स्वरूप बदलले. या काळातील शिक्षकाचा दिवस साधारणपणे चार प्रकारच्या कामांत विभागला गेला.

पहिले काम साथनियंत्रणाचे. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेल्या मोहिमेसह विविध सर्वेक्षणांत, तसेच तपासणी नाक्यांवर शिक्षकांची नेमणूक झाली. दुसरे काम धान्यवाटपाचे. शिजवलेला पोषण आहार बंद झाल्याने तांदूळ व कडधान्ये मोजून पालकांच्या स्वाधीन करावी लागत. तिसरे काम माहिती पाठविण्याचे. किती मुलांपर्यंत पाठ पोहोचला, किती पालकांकडे फोन आहे, याचे तक्ते भरताना दिवसाचा मोठा भाग खर्ची पडे. चौथे काम प्रत्यक्ष शिकविण्याचे. आणि ते बहुधा पाड्यावर जाऊनच शक्य होई.

झेरॉक्स केलेल्या स्वाध्यायपत्रिका पिशवीत घेऊन शिक्षक एका पाड्यावरून दुसऱ्या पाड्यावर जात. घराचा ओटा, अंगण किंवा झाडाची सावली हीच वर्गखोली. चार-सहा मुलांना अंतर ठेवून बसवावयाचे, मागच्या पत्रिका तपासावयाच्या, नव्या द्यावयाच्या आणि पुढील पाडा गाठावयाचा. एकाच गटात पहिलीपासून पाचवीपर्यंतची मुले असत. आठवड्यातून एकदा मिळणारा असा तासभर हा रोजच्या पाच-सहा तासांच्या शाळेला पर्याय होऊ शकत नव्हता. पण मूल आणि पुस्तक यांच्यातील धागा त्याने तुटू दिला नाही.

या फेऱ्यांना ऋतुचक्राचीही मर्यादा होती. जुलैत भाताची आवणी सुरू झाली की मोठी मुले शेतावर व लहान मुले धाकट्या भावंडांपाशी असत. दिवाळीनंतर काही कुटुंबे वीटभट्ट्यांकडे निघत. शाळा उघडी असती तर मुलाला गावातच ठेवण्याचा आग्रह शिक्षकाला धरता आला असता. बंद शाळेच्या बळावर तो कसा धरणार?

भीतीचे वातावरण हाही एक अडसर होता. १६ एप्रिल २०२० रोजी डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे अफवांच्या पार्श्वभूमीवर जमावाने तिघांची हत्या केली. अनोळखी माणसाविषयीचा संशय कोणत्या थरास जाऊ शकतो हे या घटनेने दाखविले. अशा काळात पाड्यावर सहज स्वीकारल्या जाणाऱ्या मोजक्या बाहेरच्या व्यक्तींत शिक्षकाचा समावेश होता. वर्षानुवर्षांच्या ओळखीतून मिळालेला हा विश्वास कोणत्याही ॲपला लाभणारा नव्हता.

कोसबाडचा वारसा

'शाळा मुलांच्या दारी' हा प्रयोग अनेकांना नवा वाटला. डहाणू तालुक्याला तो नवा नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यात त्यांच्या सहकारी होत्या. १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर आले. वस्तीतील मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीने त्यांच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडी आकारास आली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच शिकविणारी कुरणशाळा निघाली. मुलाच्या गैरहजेरीचा दोष मुलावर न टाकता शाळेनेच आपली वेळ आणि जागा बदलावी, हे या प्रयोगांमागील तत्त्व होते.

२०२० मधील पाड्यावरील वर्ग आणि कोसबाडचे प्रयोग यांत बाह्य साम्य आहे; परंतु एक मूलभूत भेदही आहे. कोसबाडला पाड्यावर जाणे ही विचारपूर्वक उभारलेली पद्धती होती. परिसरातील वस्तू तेथे शैक्षणिक साधने बनल्या होत्या. साथीच्या काळात मात्र हे काम बहुतांशी एकेका शिक्षकाच्या इच्छेवर व उत्साहावर अवलंबून राहिले. जेथे शिक्षक गेला तेथे शिक्षण पोहोचले. जेथे तो अन्य कामांत अडकला तेथे ते पोहोचले नाही.

शाळेविषयीचे आकलन

या अनुभवातून शिक्षकासमोर तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, पाड्यावरील मुलासाठी शाळा हे भोजनाचे व सुरक्षिततेचेही स्थान आहे. घरी दिलेला तांदूळ सर्व कुटुंबात वाटला जातो. शाळेत शिजलेले अन्न मात्र त्या मुलाच्याच ताटात पडते. दोन, शाळा हा वारली बोली आणि प्रमाण मराठी यांमधील पूल आहे. तो रोजच्या संवादातून बांधला जातो. छापील पत्रिका त्याची जागा घेऊ शकत नाही. तीन, शाळा मुलाला त्याचा स्वतःचा वेळ मिळवून देते. घरी असताना तो वेळ सरपण, पाणी व भावंडे यांच्या वाट्याला जातो.

हानीचे मोजमापही उपलब्ध आहे. 'असर'नुसार ग्रामीण भारतात दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या पाचवीच्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ५०.५ टक्के होते. २०२२ मध्ये ते ४२.८ टक्क्यांवर आले. जुलै २०२१ मध्ये राज्यात ४५ दिवसांचा सेतू अभ्यासक्रम राबविण्यात आला. मात्र प्राथमिक शाळा तेव्हा बंदच असल्याने सेतूची साधनेही पुन्हा फोन व पत्रिका हीच राहिली.

समारोप

शाळा पुन्हा सुरू झाल्या. पण त्या दोन वर्षांतील तूट वर्गोन्नतीबरोबर पुढे सरकत राहिली. पदवीच्या वर्गात सलग परिच्छेद वाचताना अडखळणारा किंवा प्रश्न विचारण्यास कचरणारा विद्यार्थी दिसला, तर त्याला उदासीन ठरविण्यापूर्वी २०२०-२१ मध्ये तो कोठे होता आणि त्याच्या हाती काय होते, हे विचारणे उचित ठरेल. आदिवासी क्षेत्रातील महाविद्यालयांनी प्रथम वर्षाच्या आरंभी वाचन-लेखनाची साधी चाचणी घेऊन पूरक वर्गांची आखणी करावी आणि शिक्षणशास्त्र व समाजशास्त्र विभागांनी पाड्यावरील शिक्षकांच्या त्या काळातील नोंदी संकलित कराव्यात, असे येथे सुचवावेसे वाटते. शाळा बंद करण्याची वेळ पुन्हा येऊ शकते. तेव्हा पाड्यावर जाणारा शिक्षक एकटा नसावा आणि त्याच्या हाती रिकाम्या तक्त्यांऐवजी अगोदर विचार करून ठेवलेली पद्धती असावी, यासाठी या नोंदींचे मोल मोठे आहे.