अंगणवाडीची नोंद आणि माहूरचं मूल

मुलांच्या पोषणाची खरी आकडेवारी मिळवण्यासाठी राज्य शासन आणि युनिसेफ यांनी हात मिळवले, ते मराठवाड्यातच. राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन 2005 मध्ये औरंगाबादेत सुरू झालं. नियमित वजनं होऊ लागली की कुपोषित मुलांचा आकडा आधी वाढतो, कारण एरवी न दिसणारी मुलं नोंदीत येतात. असा वाढलेला आकडा लपवायचा नाही, हे समजणं फार मोलाचं. पुढे 2012 मध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने युनिसेफच्या साहाय्याने राज्यभर स्वतंत्र पोषण सर्वेक्षण केलं. दोन वर्षांखालील खुजेपणा 2005-06 मधल्या सुमारे 39 टक्क्यांवरून 23 टक्क्यांवर आल्याचं त्यात दिसलं.

2021 पासून अंगणवाडी सेविका उंची-वजन ‘पोषण ट्रॅकर’ या मोबाइल ॲपवर भरतात. नांदेड जिल्ह्याच्या टोकावरच्या डोंगराळ माहूर तालुक्यात गोंड, कोलाम, आंध वस्त्या विखुरलेल्या. तिथलं एखादं कुटुंब कामासाठी गाव सोडून गेलं, तर मुलाची नोंद नव्या गावच्या अंगणवाडीत नेण्याची सोय ॲपमध्ये आहे. मात्र नव्या गावच्या सेविकेला मूल आल्याचं कळायला हवं.

वजनाचे आकडे मिळतात. तीन ते सहा वर्षांचं मूल काय शिकलं, याचे फार थोडे. ‘प्रथम’ या शिक्षणक्षेत्रातल्या संस्थेच्या ‘असर’ गटाने 2019 मध्ये 4 ते 8 वर्षांच्या मुलांची घरी जाऊन पाहणी केली, पण देशातल्या मोजक्या 26 जिल्ह्यांत. प्रत्येक अंगणवाडीतल्या बाराखडीपूर्व खेळांची, गोष्टींची, मोजणीची नोंद वजनाइतक्याच आस्थेने व्हायला हवी.