समुपदेशन म्हणजे समजूत घालणे नव्हे

रत्नागिरी जिल्ह्यातील कित्येक घरांचा कर्ता पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस चाकरमानी. गणपती-शिमग्याला तो चार दिवस येतो; वर्षभराचे रुसवे तेवढ्यात निघत नाहीत आणि पुढे मौनाचीच सवय जडते. प्रकरण वाढले की गावकी बसते. तडजोड होते, परंतु सल बहुधा तसाच राहतो. कारण सुनेला तेथे क्वचितच बोलावयास मिळते.

समुपदेशक निवाडा देत नाही. तो दोघांचे प्रथम स्वतंत्रपणे ऐकतो, त्याच त्या भांडणाचे मूळ त्यांचे त्यांनाच उमगू देतो आणि ऐकलेले बाहेर नेत नाही. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याने समुपदेशकास रीतसर स्थान दिले. मारहाण होत असेल तेथे मात्र सबुरीचा उपदेश घातक. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालील नियमांनुसार प्रतिवादीस समुपदेशनात हिंसेचे समर्थन करता येत नाही. ती पुन्हा न करण्याची हमी द्यावी लागते.

रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ पासूनचे. तरीही तेथे जाणे म्हणजे वेड लागणे, हा समज पुरता गेलेला नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या, मराठीत, विनाशुल्क बोलता येते. ग्रामपंचायतीच्या फलकावर एवढे पाच आकडे लिहिण्यास ठरावाचीही गरज नाही.