मोटारसायकलच्या बॅटरीची जातकुळी

पावसाळ्याचे तीन महिने पडवीत ताडपत्रीखाली उभी ठेवलेली माझी जुनी मोटारसायकल गणपतीच्या आदल्या दिवशी बाहेर काढून सेल्फचे बटण दाबले, तो आसनाखालून टक-टक एवढाच क्षीण आवाज आला. मेस्त्रींनी बाजूचे झाकण उघडून बॅटरी बाहेर घेतली, तेव्हा तिच्या अर्धपारदर्शक पेटीवरील दोन रेषांपैकी खालच्या रेषेच्याही खाली पाणी उतरलेले आणि उघड्या पडलेल्या प्लेटांवर पांढुरकी साय धरलेली मला स्पष्ट दिसली. “उभ्या गाडीची बॅटरी बसतेच, साहेब,” एवढेच ते म्हणाले.

ती साय म्हणजे काय, हे कळले की बॅटरीच्या साऱ्या जाती उलगडतात. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये सिद्ध केलेली रचनाच मूलतः आजही चालू आहे: सौम्य गंधकाम्लात शिशाच्या प्लेटा, प्रत्येक कप्प्यात दोन व्होल्टांहून किंचित अधिक दाब, आणि असे सहा कप्पे एकापुढे एक जोडून सुमारे 12.6 व्होल्ट. वीज खर्च होताना प्लेटांवर शिशाच्या गंधकयुक्त क्षाराचा थर बसतो व चार्जिंग होताच तो विरघळतो. परंतु बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेल्या स्थितीत राहिली, तर त्याचे स्फटिक कठीण होऊन मूळ स्थितीत येण्याचे नाकारतात. शिवाय चार्जिंगच्या वेळी पाण्याचे विघटन होऊन वायू उडून जातात, म्हणून या उघड्या जातीत वरचेवर डिस्टिल्ड वॉटर घालावे लागते. विहिरीचे पाणी आपल्यातील क्षारांमुळे घातक, आणि अ‍ॅसिड तर उडून गेलेलेच नसल्यामुळे ते पुन्हा ओतणे ही निखालस चूक होय.

सीलबंद जातीत हे अ‍ॅसिड काचतंतूंच्या गादीत शोषलेले असते. तिच्या सूक्ष्म छिद्रांतून प्राणवायू ऋण प्लेटेपर्यंत पोहोचून तेथेच त्याचे पुन्हा पाणी होते, त्यामुळे गाडी आडवी झाली तरी सांडण्याचे भय नसते आणि सेल्फला लागणारा क्षणिक मोठा प्रवाहही ही बॅटरी सहज पुरवते. बाजारात हिलाच सर्रास ‘जेल’ म्हणतात. खरी जेल निराळी, तिच्यात सिलिका मिसळून अ‍ॅसिड खिरीसारखे घट्ट केलेले असते. या दोन्ही जातींना अतिरिक्त दाब सोसत नाही, कारण गेलेले पाणी परत घालण्याची सोयच नसते. म्हणून नवी बॅटरी बसवल्यावर मेस्त्रींनी इंजिनाचा वेग वाढवून मीटर लावला व 14.2 व्होल्ट पाहिल्यावरच झाकण बंद केले. ही तसदी प्रत्येकाने घ्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी वजनाला शिशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी हलकी, आणि महिनोन्महिने उभ्या गाडीतही फारशी न उतरणारी. मात्र ती महाग, आणि लडाखच्या गोठणाऱ्या पहाटे प्रथम मलूलच वागणारी. रोज कचेरीत जाणाऱ्या माणसाला सीलबंद शिशाचीच बॅटरी योग्य, असे मी निःशंकपणे म्हणेन.

1 एप्रिल 2020 पासून लागू झालेल्या बीएस-6 नियमांनंतर बहुतेक नव्या गाड्यांत इंधनाचा पंप विजेवर चालतो व किकही अनेकदा नसते, तेव्हा बॅटरीकडे दुर्लक्ष पूर्वीपेक्षा महाग पडते. दोन किलोमीटरच्या फेरीत सेल्फने उचललेल्या विजेची भरपाई बहुधा पुरती होत नाही, आणि अशा रोजच्या तुटीने बॅटरी कायम अर्धपोटी राहते. गाडी काही तास उभी राहिल्यावर मीटरने 12.4 व्होल्ट दाखवले तर सुमारे पाऊण, आणि 12 दाखवले तर तळाशीच उरलेला साठा समजावा. भरणा करताना क्षमतेच्या दशांशाने, म्हणजे 5 अँपिअर-तासांच्या बॅटरीला अर्ध्या अँपिअरने, सावकाश करावा.

शिसे विषारी असल्यामुळे जुनी बॅटरी भंगारात न टाकता मी दुकानदाराकडे परत दिली, आणि पडवीतल्या खुंटीवर आता ताडपत्रीशेजारी एक लहानसा चार्जर टांगलेला आहे.