बेडका 'निगेटिव्ह' आला, तरी खोकला का जात नाही?

सातारा-सांगलीच्या वस्त्यांत आम्ही फिरतो तेव्हा एक वाक्य हमखास कानावर येते : "बेडका तपासला, काही निघालं नाही." खोकला मात्र चालूच असतो आणि औषधाच्या बाटल्या बदलत राहतात. म्हणून टीबीच्या दोन तपासण्यांतला फरक समजून घेऊ.

जुनी तपासणी सूक्ष्मदर्शकाची. एक मिलिलिटर बेडक्यात साधारण १०,००० जंतू असतील, तरच ते दिसतात. त्याहून कमी असले तर रिपोर्ट 'निगेटिव्ह' येऊ शकतो. आजार मात्र आत वाढत असतो.

नवी तपासणी म्हणजे सीबीनॅट किंवा ट्रूनॅट. यात जंतू नव्हे, त्याचा डीएनए शोधतात. मशीन त्या डीएनएचा ठरावीक तुकडा दुप्पट करत जाते. एकाचे दोन, दोनाचे चार. अशा ३० फेऱ्यांत एका तुकड्याचे शंभर कोटींहून अधिक होतात.

पण ते दिसणार कसे? सीबीनॅटमध्ये त्यासाठी चमकणारे शोधक रेणू असतात. रेणू केसाच्या पिनेसारखा वाकलेला. एका टोकाला चमकणारा रंग, दुसऱ्या टोकाला तो विझवणारा पदार्थ. टोके जवळ असेपर्यंत अंधार. टीबीचा जुळणारा डीएनए भेटला की पिन उघडते, रेणू त्याला चिकटतो आणि रंग चमकतो. ही चमक मशीन मोजते. हे रेणू १९९६ साली संजय त्यागी व फ्रेड क्रेमर यांनी न्यूयॉर्कमध्ये तयार केले.

असे पाच शोधक एकाच जनुकाच्या पाच भागांवर लक्ष ठेवतात. त्या जनुकात बदल झाला की रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालत नाही. बदललेल्या भागावर शोधक नीट बसत नाही, तिथली चमक येत नाही किंवा उशिरा येते. म्हणून टीबी आहे का आणि हे औषध लागू पडेल का, ही दोन्ही उत्तरे सुमारे दोन तासांत मिळतात. ट्रूनॅट ही गोव्यातल्या मोलबायो कंपनीची. तिचे मशीन बॅटरीवरही चालते, म्हणून लहान दवाखान्यातही नेता येते.

ध्यानात ठेवा :

• दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे किंवा बेडक्यात रक्त दिसले, तर सरकारी दवाखान्यात जा. "सीबीनॅट किंवा ट्रूनॅट होईल का?" असे स्पष्ट विचारा. तिथे ती मोफत आहे.

• तोंड पाण्याने खळखळून धुवा. मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर, खोल श्वास घेऊन छातीतला घट्ट बेडका काढा. नुसती लाळ चालत नाही.

• उपचार चालू असताना मेलेल्या जंतूंचा डीएनएही सापडतो. म्हणून बरे वाटते की नाही हे या तपासणीवरून ठरवू नका, डॉक्टर सांगतील ती तपासणी करा.

• नोंद झाली की निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये खात्यात मिळतात. पूर्वी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले.

टीबी कुणाच्या पापाने होत नाही, तो हवेतून पसरतो. घरातल्या सुनेचा किंवा म्हातारीचा खोकला लोक काय म्हणतील म्हणून झाकला, तर तो लेकरांपर्यंत पोचतो. तपासणी आपल्या हक्काची आहे. ती मागून घ्या.